जाईबाई आणि शंखाचा मुखडा

जाईबाईचा कुणावर सहजासहजी विश्वास बसत नसे, आणि ही गोष्ट परळच्या तिच्या चाळीत तळमजल्यापासून तिसऱ्या माळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. रॉकेल आणलं की ती डब्यात बोट बुडवून हुंगायची. दूधवाल्यानं माप भरताना अंगठा आत घातला, तर ते दूध परत ओतायला लावायची. शेजारीण जरा गोड बोलली, की हिच्या कपाळाला आठी. "आज काय काम काढलंस?" असं ती तोंडावर विचारायची, आणि बहुतेक वेळा शेजारणीचं काहीतरी काम निघायचंच.

हा स्वभाव तिनं माहेराहून आणला नव्हता. नवरा भिवा गिरणीत पट्ट्यात सापडून गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी चाळमालकाचा कारकून दारात आला होता. डोळ्यांत पाणी आणून बसला. "समाचाराला येऊन गेलो, त्याची नुसती खूण," असं म्हणत त्यानं एका कागदावर तिचा अंगठा उठवून नेला. पंधरा दिवसांनी भांडीकुंडी गॅलरीत आली तेव्हा कळलं, की खोली आपखुशीनं सोडत असल्याचा तो कागद होता. तेव्हा तिच्या बहिणीनं तिला परळला आपल्या खोलीत घेतलं. बहीणही पुढं गेली. मागं राहिला बहिणीचा मुलगा बुधाजी. तो गिरणीच्या सूतखात्यात लागला होता, आणि आता मावशी-भाचा त्याच खोलीत राहत होते.

पोटासाठी जाईबाई लालबागच्या बटणांच्या कारखान्यात जाऊ लागली. बाहेरगावाहून गोणीगोणीनं शिंपले यायचे, त्यांतून गोल चकत्या कापायच्या, त्या कानशीनं सारख्या करायच्या, भोकं पाडायची, घासून चकाकी आणायची. दिवसभर पाण्यात हात आणि नाकात पांढरी धूळ. आठ वर्षांत तिच्या बोटांना शिंपला असा कळायला लागला, की डोळे मिटूनसुद्धा ती त्याची आतली आणि बाहेरची बाजू सांगायची. मग बाजारात प्लास्टिकची बटणं आली आणि वर्षभरात कारखान्याला टाळं लागलं. शेवटच्या दिवशी मुकादमानं प्रत्येकाला शिंपल्याच्या तुकड्यांची एकेक पुडी दिली. दुसरं द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

त्या पुडीतले चार तुकडे हातात घेऊनच ती गिरगावात हिरजीभाईंच्या दुकानात गेली होती. ठाकुरद्वाराजवळच्या गल्लीत त्यांचं अरुंद दुकान होतं. जुने दागिने, जुनी घड्याळं, पारशी घरांतून निघालेल्या पेट्या, विलायतेला परत गेलेल्या साहेबांच्या मडमांनी विकून टाकलेल्या वस्तू. शिंपल्याचे कंगवे, शंखाच्या बांगड्या, मोतीशिंपीच्या पाकळ्या बसवलेली कर्णफुलं, यांची त्यांना फार आवड. पण त्यांतल्या निम्म्या गोष्टी मोडक्या यायच्या. हिरजीभाईंनी तिला एक तुटका कंगवा दिला आणि समोर बसवलं. दुपारपर्यंत तिनं त्याला नवा दात असा बसवला, की हिरजीभाईंना भिंग लावून शोधावा लागला.

"जाईबेन," ते म्हणाले, "उद्यापासून या."

दुकानाच्या वर एक लाकडी माळा होता, तिथं खिडकीशी तिची बसायची जागा झाली. चार वर्षं तिथं तिचं ठीक चाललं. मधल्या काळात शहरात काय काय होऊन गेलं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाले, गिरणगावातली किती घरं उजाड झाली. त्या छप्पन सालच्या जानेवारीत हिरजीभाईंनी आठ दिवस दुकान उघडलं नव्हतं. त्याच सालच्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर लाखो माणसांबरोबर जाईबाईनं धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव आदल्याच दिवशी बाहेर काढले होते. वस्तीतल्या बायकांच्या वर्गात ती अक्षरं गिरवायला लागली आणि पन्नाशीच्या तोंडावर आपलं नाव लिहायला शिकली. हिरजीभाईंशी ती या सगळ्याबद्दल बोलली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. दोघं शिंपल्यांबद्दल बोलायचे. ते बरं चालायचं.

सत्तावन सालच्या दिवाळीआधी माझगावच्या कोळीवाड्यातली काशीबाई दुकानात आली. मासळीबाजारात तिचा मोठा ठेला होता, अंगावर सोनं होतं आणि आवाज असा होता, की माळ्यावर बसलेल्या जाईबाईच्या हातातली कानस थांबली. काशीबाईनं रुमालातून एक दागिना काढला. तिची आजेसासू एका कप्तानाच्या बंगल्यावर मासळी घालायची. त्याची मडम मायदेशी जाताना तिला आपल्या छातीवरचा हा दागिना देऊन गेली. कोळणीनं तो आंबाड्यात खोवला, आणि तेव्हापासून घरातल्या मोठ्या सुनेनं लग्नकार्यात तो आंबाड्यात घालायचा, अशी रीत पडली होती. घरात त्याला 'मुखडा' म्हणत.

जाईबाईनं असं काम पूर्वी पाहिलं नव्हतं. मोठ्या समुद्री शंखाच्या जाड कवचात रंगांचे थर असतात. कारागिरानं वरचा पांढरा थर कोरून एका बाईचा चेहरा काढला होता आणि खालचा भाजक्या विटेच्या रंगाचा थर पाठीमागं तसाच ठेवला होता. सरळ नाक, मिटलेले ओठ, कानाशी सुटलेली एक बट. भोवती चांदीच्या कोंदणात मोतीशिंपीच्या चिमुकल्या पाकळ्या होत्या, त्यांतल्या तीन पडल्या होत्या. त्या बसवून द्यायच्या होत्या.

हिरजीभाईंनी मुखडा दिव्यासमोर धरला. पांढरा चेहरा आतून उजळला.

"काशीबेन, विकायचा विचार असेल तर—"

"विकायचा नाय," काशीबाई म्हणाली. "पाकळ्या बसवा आणि परत द्या."

जाईबाईनं तीन दिवस घालवून पाकळ्या बसवल्या. चौथ्या दिवशी हिरजीभाईंनी तो तिच्याकडून मागून घेतला, पुन्हा दिव्यासमोर धरला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आज लवकर जा, जाईबेन. सणाचे दिवस आहेत." काशीबाई दागिना न्यायला आली तेव्हा जाईबाई दुकानात नव्हती.

फेब्रुवारीत काशीबाई पुन्हा आली. तिच्याबरोबर तिची सून शेवंता होती, खाली मान घालून उभी. काशीबाईनं रुमाल काउंटरवर आपटला.

"ह्ये काय दिलंत मला?"

लग्नघरी निघण्याआधी काशीबाईनं मुखडा रिठ्याच्या कढत पाण्यात घातला होता. बाहेर काढला तर त्या बाईचं नाक एका अंगाला वाकलेलं, गाल फुगलेला. हिरजीभाईंनी तो हातात घेतला, अंगठ्यानं खसाखसा चोळला आणि नाकाशी नेला. कापराचा वास आला.

"सेल्युलॉइड. प्लास्टिकचाच प्रकार," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं.

जाईबाई खाली आली. तिनं दागिना गालाला लावला. खरा शंख गालाला गार लागतो. हा लागत नव्हता. पण भोवतीच्या पाकळ्या खऱ्या होत्या, आणि त्यांतल्या तीन तिनंच बसवलेल्या होत्या. म्हणजे कोंदण तेच होतं. आतला चेहरा तेवढा कुणीतरी काढून घेतला होता.

"तुमच्या दुकानात आला तवा खरा होता," काशीबाई म्हणाली. "तुम्हीच दिव्यासमोर धरलात. मंग खोटा कुठं झाला?"

हिरजीभाईंनी दागिना जाईबाईच्या हातून परत घेतला. दुकानात जाईबाई आणि ते, दोघंच. कोंदण उघडून पाकळ्या बसवणारे हात जाईबाईचे. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते तिला स्पष्ट दिसत होतं. आणि तिच्या मनात त्याच वेळी दुसरंच चाललं होतं. विकणार का, म्हणून कुणी विचारलं? मला लवकर घरी कुणी पाठवलं? त्या संध्याकाळी दागिना एकट्या कुणाच्या हातात होता?

"जाईबेन," हिरजीभाई शेवटी म्हणाले, "आपण तुमच्या घरी जाऊन येऊ. काशीबेनचं समाधान होईल."

"काशीबाईचं, की तुमचं?"

हिरजीभाईंनी खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली.

चौघं ट्रामनं परळला आली. चाळीच्या गॅलरीत बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. सोन्यानं मढलेली कोळीण, टोपीवाला शेठ आणि मध्ये जाईबाई, हे बघून सगळ्यांचे हात थांबले. जाईबाईनं खोलीचं दार सताड उघडलं, मधोमध पत्र्याची पेटी ओढली आणि कुलूप काढलं.

"बघा," ती म्हणाली. "माझं धुतलेलं आणि फाटलेलं सगळं बघा."

दोन लुगडी निघाली. भिवाचा एक फोटो निघाला. अक्षरं गिरवायची पाटी निघाली. आणि तळाशी, एका फडक्यात बांधलेली, शिंपल्याच्या तुकड्यांची पुडी निघाली.

गॅलरीत कुजबुज झाली. काशीबाईनं पुडी उचलली. "ह्ये काय?"

"बटणांच्या कारखान्यातलं हाय. शेवटच्या दिवशी सगळ्यांना दिलं हुतं. ह्यात शंख नाय, नुसता शिंपला हाय. शेठना इचारा, त्यांना कळतं."

हिरजीभाईंनी तुकडे हातावर घेतले. त्यांना कळत होतं. पण "हो, हा नुसता शिंपला आहे," एवढं म्हणायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला, आणि तेवढ्या वेळात गॅलरीतल्या निम्म्या बायकांचं मत होऊन गेलं.

"शंख काय पेटीत ठेवणार?" काशीबाई जायला वळली. "कवाच बाहेर गेला असंल. तुम्हा लोकांच्या हाती घरातली चीज द्यायचीच नव्हती."

"काय म्हणालीस?" जाईबाई उंबऱ्यात आडवी झाली. "आमी लोक म्हंजी कोण? बोल की, मोठ्यानं बोल. गॅलरी ऐकतीय."

काशीबाईनं पदर सावरला. शेवंता मात्र एकदम रडायला लागली आणि सासूचा हात धरून तिला जिन्याकडे ओढू लागली. जाईबाईला तेव्हा ते विचित्र वाटलं. जिचा अपमान झाला ती रडत नाही, जिचा दागिना गेला तीही रडत नाही, आणि ही पोरगी का रडते? पण तिचं डोकं इतकं तापलं होतं, की तो विचार तिथंच राहून गेला.

संध्याकाळी बुधाजी पाळीवरून आला. गॅलरीतून येता येताच त्याच्या कानावर सगळं आलं होतं.

"मावशी, शेठनंच मारलाय तो. तुझ्या नावावर बिल फाडतोय. उघड हाय की!"

"मलाबी तसंच वाटतंय," जाईबाई म्हणाली. बोलून गेली. ज्याला पुरावा नाही ते तोंडातून काढायचं नाही, हा तिचा रोजचा शिरस्ता होता. त्या दिवशी तो मोडला.

"मग बघतोच," बुधाजी म्हणाला.

तिला वाटलं, रागानं बोलतोय. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपली हत्यारं आणायला गिरगावात गेली तेव्हा दुकानासमोर दहा-बारा तरणी माणसं उभी होती. मधोमध बुधाजी. "गरिबाला चोर ठरवणाऱ्या शेठचा—" असं तो ओरडत होता आणि बाकीचे "धिक्कार असो!" म्हणत होते. मध्येच कुणीतरी "मुंबई आमची!" अशी आरोळी ठोकली. दगड कुणाच्या हातात नव्हता. पण समोरच्या इराण्यानं खुर्च्या आत घ्यायला सुरुवात केली होती. हिरजीभाई अर्ध्या ओढलेल्या फळीमागं उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गर्दीच्या डोक्यांवरून त्यांची आणि जाईबाईची नजरानजर झाली.

तिनं पुढं जाऊन बुधाजीचं मनगट धरलं. "चल घरी."

"मावशी, तू गप—"

"कुणी बोलवलं हुतं तुला? समितीनं सांगितलंय का हे? मुंबईसाठी माणसं मेली ती काय माझ्या शंखासाठी? चल म्हणते ना."

बुधाजी वरमला. पोरं पांगली. हिरजीभाईंनी फळी पूर्ण लावून घेतली आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. हत्यारं आतच राहिली.

घरी आल्यावर जाईबाई भिंतीला टेकून बसली. दुकानात त्या दिवशी तिनं मुखडा गालाला लावला होता, तेव्हा आणखी काहीतरी तिच्या नजरेत आलं होतं. रागात ते निसटलं होतं. ती आठवत राहिली. नकली चेहऱ्याच्या पाठीमागच्या कडेवर कानशीचे ओरखडे होते. बारीक, सारखे, हात बसलेल्या माणसाचे. आणि ते उलटे होते. उजव्या हातानं कानस मारली की ओरखडा एका अंगाला पडतो. हे दुसऱ्या अंगाला पडले होते. डावऱ्या हाताचे.

बटणांच्या कारखान्यात आठ वर्षांत एकच डावरा होता. कोंडीराम.

दुसऱ्या दिवशी ती लालबागला गेली. कारखाना बंद झाल्यापासून कोंडीराम मासळीबाजाराच्या बाहेर एका खोक्यावर बसायचा. तुटलेल्या फण्या, चष्म्यांच्या दांड्या, बाहुल्यांचे हात, असलं काय काय दुरुस्त करायचा. जाईबाईला पाहून त्याला आनंद झाला.

"ये, जाई! किती वर्सानं! चहा सांगू?"

"चहा नको. शंखाचा मुखडा कुणी दिला तुला?"

कोंडीरामाचा डावा हात कानशीवरून निघून मांडीवर आला. "कसला मुखडा?"

"कोंडीराम, तुझ्या कानशीची रेघ मी अंधारात वळखीन. माझी पेटी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उघडायला लागली तुझ्या त्या मुखड्यापायी. आता तू सांगतोस, का मी हितं खोक्यावर बसू?"

कोंडीराम तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि सांगितलं. दिवाळीनंतर एक तरणी कोळीण आली होती. इथंच बाजारात टोपली घेऊन बसते. रुमालात दोन तुकडे होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत चिरलेले. तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. सासूला कळलं तर घराबाहेर काढील, म्हणत होती. त्यानं सेल्युलॉइडचा एक पांढरा पत्रा आणि एक तांबूस पत्रा घेतला, गरम पाण्यात मऊ करून बाक दिला, तुकडे समोर ठेवून चेहरा कोरला आणि जुन्या कोंदणात बसवला.

"लई मन लावून केला गं," तो म्हणाला. "बटणं गेल्यापासून असलं काम हाताला मिळालं नव्हतं."

"खऱ्याचे तुकडे कुठायत?"

"तिच्याकडंच. मी कशाला ठेवू?"

जाईबाईचा यावरही विश्वास बसला नाही. तिनं त्याचं खोकं उघडायला लावलं, एकूणएक पुडी सोडून पाहिली, आणि मगच ती उठली.

तिथून ती बस धरून माझगावला गेली. कोळीवाड्यात घर शोधायला वेळ लागला नाही, काशीबाईला सगळे ओळखत होते. सासू अजून बाजारातून यायची होती. शेवंता दारात बोंबील उलटत होती. जाईबाईला पाहताच तिच्या हातातला बोंबील खाली पडला.

"कोंडीरामाकडनं आलेय," जाईबाई म्हणाली.

शेवंता तिला घाईघाईनं आत घेऊन गेली. तिच्या चुलतबहिणीचं वरळीला लग्न होतं. मुखडा घालायचा मान सासूचा, पण सासू त्या दिवशी पुतण्याच्या नव्या होडीच्या पूजेला गेली होती. शेवंतानं एकदाच, एका दिवसासाठी, न विचारता तो आंबाड्यात खोवला. माहेरच्या दारात कुणीतरी हसत मिठी मारली, आणि दागिना घसरून दगडी पायरीवर पडला. नवरा, जगन, तेव्हा समुद्रावर होता. त्यालाही तिनं सांगितलं नाही. एवढं सांगून तिनं डाळीच्या डब्यात हात घातला आणि तळातून रुमाल काढला. दोन तुकडे. जाईबाईनं ते गालाला लावले. गार.

"मावशी, पाया पडते," शेवंता म्हणाली. "सासूला सांगू नकोस. तुला नायतरी कुणी तुरुंगात घालत नाय. शेठ पैशेवाला, त्याला काय होतंय? चार दिसांनी सगळी विसरतील. मला मात्र माहेरी धाडतील गो."

पोरगी विशी-बाविशीची असेल. जाईबाईला तिची दया आली, नाही असं नाही. पण दया येताच तिनं स्वतःलाच विचारलं, की माझी दया कुणी केली?

"पोरी, ऐक," ती म्हणाली. "तुझी चूक झाली ती दागिना पडल्याची. ती लहान हाय. पण मला चोर म्हणाले तवा तू गॅलरीत उभी हुतीस. तवा नुसतं रडलीस. माझं नाव म्या कष्टानं कमावलंय, आणि अलीकडंच लिहायला शिकलेय. ते तुझ्या भ्यापायी मी मळवून घेणार नाय."

"मी सांगते. उद्या सांगते."

"उद्याचं मला खरं वाटत नाय. आता सासू आली की सांग. मी हितंच बसते."

आणि ती दारात, बोंबील सुकवायच्या वलांडीशेजारी, खरोखरच बसून राहिली. दोन तास. शेवंतानं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं. मग शेवंताही येऊन शेजारी बसली. दोघी समोरच्या गोदीतल्या क्रेनांकडे बघत राहिल्या. एकदा शेवंतानं विचारलं, "तू असशील ना गो बाजूला?" जाईबाई म्हणाली, "असंन."

काशीबाई आली, टोपली उतरवली आणि दोघींना एकत्र पाहून थबकली. शेवंतानं रुमाल तिच्यापुढं उघडा केला आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबली तेव्हा जाईबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

काशीबाईनं तुकडे उचलले, एकमेकांना जुळवून धरले. तिचा तो बाजार गाजवणारा आवाज कुठं गेला कोण जाणे. "चार महिने," ती म्हणाली. "चार महिने माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस, आणि सांगावंसं नाय वाटलं? मी येवढी वाईट?"

शेवंतानं सासूच्या पायांना हात लावला.

"वाईट नाय, तिखट," जाईबाई म्हणाली. "मीबी तशीच हाय. आपल्याला माणसं भितात, आणि भ्याली की खोटं बोलतात."

काशीबाईनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला काय पायजे?"

"ज्या गॅलरीत मला चोर म्हणालीस, त्या गॅलरीत येऊन बोल. आणि आमच्या लोकांबद्दल जे म्हणालीस, तेबी परत घे."

काशीबाई दुसऱ्याच दिवशी आली. परळच्या चाळीच्या गॅलरीत मधोमध उभी राहिली आणि मासळीबाजारात लावायचा तो आवाज लावून म्हणाली, "ऐका गो बायांनो! चीज माझ्याच घरात फुटली. ह्या बाईच्या हाताला काय लागलेलं नाय. मी नको ते बोलले, तिच्या लोकांनापण बोलले. माजी चूक झाली." खालच्या गल्लीतलेसुद्धा वर बघायला लागले. जाईबाई दारात उभी राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होती. मग ती म्हणाली, "आत ये. चहा घे." काशीबाई आत आली आणि तिनं जाईबाईच्या कपातून चहा घेतला. गॅलरीतल्या बायकांनी तेही पाहून ठेवलं. जाताना काशीबाईनं ते दोन तुकडे जोडायला म्हणून जाईबाईच्या हातावर ठेवले.

राहिले होते हिरजीभाई. दुकान चार दिवस बंदच होतं. जाईबाई मागच्या जिन्यानं त्यांच्या राहत्या खोलीवर गेली. त्यांनी दार फटीएवढं उघडलं आणि आधी तिच्या मागं कुणी आहे का ते पाहिलं.

"एकटीच हाय," ती म्हणाली.

तिनं तुकडे पुढं केले आणि कोंडीरामापासून काशीबाईपर्यंत सगळी हकिगत सांगितली. हिरजीभाई ऐकता ऐकता खाली बसले.

"चार वर्षं तुम्ही माझ्या माळ्यावर बसलात," ते म्हणाले. "एक तुकडा इकडचा तिकडे झाला नाही. तरी मी तुमची पेटी उघडायला लावली. मला लाज वाटते, जाईबेन."

ती एवढ्यावर उठून आली असती तर चाललं असतं. त्यांना बाकीचं ठाऊक नव्हतं. पण ती बसून राहिली.

"शेठ, ती पोरं तुमच्या दुकानासमोर आली ना, त्यांना मी धाडलं नव्हतं. पण तुम्हीच चोर असं मी बुधाजीसमोर बोलले हुते. मला तसंच वाटत हुतं. तुम्ही विकत मागितलात, मला लवकर घरी धाडलंत, म्हणून."

हिरजीभाईंनी मान वर केली. "लवकर घरी? अहो, त्या दिवशी धनतेरस होती."

"ते मला आता कळतंय."

"दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत," ते म्हणाले, "माझी बायको रोज विचारायची, तुझी ती परळची बाई आपल्याला दगड मारायला येईल का? मी म्हणायचो, नाही येणार. परवा तुम्हाला त्या गर्दीत पाहिलं आणि वाटलं, आली."

जाईबाईनं तुकडे पुन्हा रुमालात बांधले. "दगड नव्हता कुणाकडं," एवढंच ती म्हणाली. मग हिरजीभाईंनी खिशातून किल्ली काढली आणि खाली जाऊन दुकानाची फळी उघडली.

मुखडा जोडायला तिला आठ दिवस लागले. कपाळापासून हनुवटीपर्यंतची चीर लपवणं शक्य नव्हतं. तिनं लाखेनं तुकडे सांधले आणि मागून केसाएवढी चांदीची पट्टी बसवली. दिव्यासमोर धरला की रेघ दिसायची. काशीबाईनं ती पाहिली आणि कुरकुर न करता दागिना शेवंताच्या हातात दिला. "आता तूच घाल," ती म्हणाली, "पण विचारून." शेवंताला माहेरी कुणी धाडलं नाही. दोन-तीन महिने मात्र सासू तिच्याशी कामापुरतंच बोलत होती, असं जाईबाईच्या कानावर आलं.

हिरजीभाईंच्या दुकानात त्यानंतर एक पद्धत पडली, आणि ती जाईबाईनंच घातली. दागिना दुरुस्तीला आला, की गिऱ्हाइकासमोर तिनं तो तपासायचा. कशाचा आहे, कुठं काय मोडलंय, ते हिरजीभाईंनी कागदावर लिहायचं आणि खाली तिनं सही करायची. परत देतानाही तेच. हिरजीभाईंना पहिल्यांदा ते जरा लागलं. "अजून भरवसा नाही?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर हाय," ती म्हणाली. "पण कागद असला की माझ्यावरबी राहतो."

नकली मुखडा हिरजीभाईंनी ठेवून घेतला होता. वाकलेल्या नाकाचा तो चेहरा ते अधूनमधून भिंगाखाली धरायचे आणि मान हलवायचे. एक दिवस त्यांनी न राहवून विचारलंच, की ज्याचा हात हा, तो माणूस फण्या जोडत बसलाय, हे बरं आहे का?

जाईबाईनं महिनाभर ते मनात तोलून पाहिलं. मग एका सकाळी ती कोंडीरामाला घेऊन आली. माळ्यावर खिडकीशी दोघांपुरती जागा केली, उजेड त्याच्या डाव्या हाताला येईल अशी त्याची कामाची फळी लावली, आणि खऱ्या शंखाच्या तुकड्यांची पुडी पहिल्यांदा त्याच्या हातात दिली. तो कामाला लागला तेव्हा ती आपली कानस मांडीवर ठेवून त्याच्या हातांकडे बघत बसली. दुपारी तिनं जेवणाचा डबा उघडला, त्याच्यापुढं भाकरी ठेवली, आणि म्हणाली, "खा. पण आधी तुझी पुडी दाखव. किती तुकडे घेतले हुतेस आणि किती उरलेत, ते माझ्यासमोर ठेव."

कोंडीरामानं हसत पुडी सोडली. ती मात्र हसली नाही. तिनं एकेक तुकडा उचलून पाहिला आणि मगच स्वतःची भाकरी मोडली.